ऑनलाइन अध्ययन आणि डोकेदुखी : उद्दीपकांची ओळख

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• डोकेदुखीच्या दोन प्रमुख प्रकारांतील फरक सांगता येईल.
• स्वतःच्या डोकेदुखीचे उद्दीपक नोंदींच्या आधारे ओळखता येतील.

प्रास्ताविक
दिवसभराची नोकरी आणि घरकाम उरकून रात्री मोबाइलवर व्याख्यान ऐकू लागलेल्या विद्यार्थ्याचे डोके तासाभरात जड होते. 'या वयात अभ्यास झेपत नाही' असे समजून काही जण शिक्षणच सोडतात. हा निष्कर्ष घाईचा ठरतो. दोष वयाचा नसून अभ्यासाच्या परिस्थितीचा असू शकतो.

विषय विवेचन
१. प्रकार : ताणजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते आणि वेदना बहुधा दोन्ही बाजूंना असते. अर्धशिशीत ठणका अनेकदा एका बाजूस असतो; मळमळ होते, उजेड आणि आवाज सोसत नाही, जिना चढल्याने वेदना वाढते. उपचार न केल्यास ती ४ ते ७२ तास टिकते.

२. उद्दीपक : डोकेदुखी सुरू होण्यास निमित्त ठरणाऱ्या गोष्टींना उद्दीपक म्हणतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. चाळिशी लागूनही चष्मा न वापरल्यास डोळ्यांवर ताण येतो. मांडीवरील मोबाइलकडे वाकून पाहिल्याने मान व खांदे आखडतात. टळलेले जेवण, अपुरी झोप आणि रोजचा चहा अचानक बंद करणे हेही उद्दीपक होत. एखादा उद्दीपक सोसतो. अनेक एकत्र आले की डोके दुखू लागते.

३. नोंदवही : पुढील काल्पनिक नोंदी पाहा.
मंगळवार – झोप ५ तास, दुपारचे जेवण ४ वाजता, रात्री मोबाइलवर दीड तास व्याख्यान, डोके दुखले.
रविवार – झोप ७ तास, जेवण वेळेवर, सकाळी मोबाइलवर दीड तास व्याख्यान, त्रास नाही.
दोन्ही दिवशी पडद्यासमोरचा वेळ सारखाच आहे; म्हणून केवळ मोबाइलला दोष देता येत नाही. दोन दिवसांवरून निर्णय न घेता किमान महिनाभर नोंदी ठेवाव्यात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहिल्यास डोळ्यांना विसावा मिळतो.

४. दक्षता : महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेण्याचा क्रम तीन महिन्यांहून अधिक चालल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. अचानक उद्भवलेली असह्य वेदना, ताप व ताठरलेली मान, बोलण्यात अडखळ, हातापायांत दुर्बलता यांपैकी काहीही आढळल्यास नोंदी करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

सारांश
डोकेदुखी ही अपात्रतेची खूण नव्हे. तिचे उद्दीपक ओळखून दिनक्रम बदलल्यास अध्ययन सुरू ठेवणे सुकर होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ताणजन्य डोकेदुखी आणि अर्धशिशी यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या सात दिवसांच्या नोंदी करून त्यांतील संभाव्य उद्दीपक सांगा.