शिकवू नका, चाचणी घ्या

४ डिसेंबर २०२४ ला देशभर एकाच दिवशी, मुलांना किती आलं ते पाहणारं ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. इयत्ता तिसरी, सहावी आणि नववी. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात हायस्कूलमधून दहावी होती. या वेळी नववी घेतली, कारण आठवी संपेपर्यंतचं शिक्षण पदरात किती पडलं ते पाहायचं होतं. अशा चाचण्यांसाठी पुण्यातल्या शिक्षकांना आणि बी.एड.च्या मुलामुलींना तयार करण्याचं काम माझ्याकडे येत राहिलं. मी मूळची मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझा जीव भाषेच्या पेपरात. त्यातून हाती लागलेलं हे थोडं.

१. गप्प राहणं शिकवावं लागतं. प्रशिक्षणात मी निम्म्या शिक्षकांना ‘विद्यार्थी’ करून बाकांवर बसवते. उतारा वाटला जातो. मागच्या बाकावरून हात वर होतो : “मॅडम, लेखकाला इथं काय म्हणायचंय?” समोरच्या बाई लगेच वाकतात, उताऱ्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, “हे नीट वाच बरं.” झालं! उत्तर देऊन टाकलं, आणि आपण दिलं हे त्यांच्या गावीही नसतं. वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाचं बोट आपोआप तिथं जातं. म्हणून एक वाक्य मी सगळ्यांकडून घोकून घेते : “प्रश्न पुन्हा वाच, तुला योग्य वाटेल ते लिही.” एवढंच. भुवया उंचावायच्या नाहीत, “हं” म्हणायचं नाही, बरोबर उत्तराच्या गोलापाशी रेंगाळायचं नाही.

२. भाषेच्या पेपरात मदत जास्त महागात पडते. गणितात शब्दाचा अर्थ सांगितला, तरी आकडेमोड मुलालाच करावी लागते. इथं अर्थ लावणं हाच प्रश्न. येरवड्याच्या, हडपसरच्या शाळांत घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलं असतात आणि शिक्षकांचा जीव तुटतो. पेन कोणतं, गोल कसा रंगवायचा, वेळ किती, हे त्यांना समजेल त्या भाषेत खुशाल सांगा. उताऱ्याबद्दल एक अक्षरही नाही. तिथं अडलेलं मूल अडलेलंच दिसलं पाहिजे.

३. निवड हजेरीपटावरून. राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्या तुकडीतून ठरावीक मुलंच घेतात. “ही बारा मुलं बसवा, चांगली आहेत,” असं प्रेमळ आवाजात सुचवलं जातं. नम्रपणे नाही म्हणायचं. निकाल जिल्ह्याचा, राज्याचा येतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकात काही चढत नाही. हे आधीच सांगितलं की निम्मा आग्रह गळून पडतो.

४. परकं माणूस बरं. राष्ट्रीय सर्वेक्षणात चाचणी घेणारा क्षेत्रीय अन्वेषक बाहेरून येतो. राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आपली ‘पॅट’, मात्र शाळेतलेच शिक्षक घेतात आणि तेच तपासतात. २०२४-२५ मध्ये ती नववीलाही होती. खरी कसोटी इथं लागते. मी एकाच मुलाच्या एकाच उत्तराच्या झेरॉक्स वाटते आणि गुण द्यायला सांगते. पाचपैकी कुणी दीड देतं, कुणी चार. दीड देणाऱ्यांनी, मुलानं ‘परिस्थिती’तली ‘रि’ दीर्घ काढली म्हणून गुण कापलेले असतात. प्रश्न मात्र उतारा कळला का, एवढाच होता. मग अर्धा तास कडाक्याचं भांडण. ते मी होऊ देते, कारण कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून आलेली उत्तरसूची त्यानंतरच कुणीतरी मनापासून वाचतं. दहावीच्या बोर्डाला उत्तरपत्रिकांवर नियामक असतो. इथं तुमच्यावर तुम्हीच.

५. तयारी करून घेऊ नका. आदल्या आठवड्यात नमुना प्रश्नांचा रतीब घातला की आकडा फुगतो, वाचन आहे तिथंच राहतं. एखादा कोरा ओएमआर कागद, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, भरून पाहणं वेगळं. नववीतही गोल अर्धवट रंगवणारी मुलं असतात. चाचणीआधीच यूट्यूबवर फिरणाऱ्या प्रश्नपत्रिकांबद्दल काय बोलावं! शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांची लिंक पुढे पाठवणाराही त्यात सामील, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. छापील सूचना जशाच्या तशा वाचा. रंगवून नाही, गाळून नाही. कंटाळवाणं आहे, मान्य.

७. मुख्याध्यापकांना विनंती : त्या दिवशी शाळेत स्पर्धा, सभा, लाऊडस्पीकर काही ठेवू नका, निवड न झालेल्या मुलांची सोय आधी लावा, आणि अन्वेषकाला चहा पेपर गोळा झाल्यावरच पाजा.