संगणक कोणत्या तासाला?

प्रश्न : आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी लोकवर्गणीतून संगणक घ्यायचं चाललं आहे. त्यानं मुलांचा अभ्यास खरंच सुधारतो का? काही नुकसान होतं का? – एक पालक

उत्तर : सुधारू शकतो, पण नुसता संगणक आला म्हणून नाही. पेरू देशानं खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली आले, तेव्हा सव्वा वर्ष लॅपटॉप वापरूनही मुलांचं गणित किंवा भाषा सुधारलेली दिसली नाही.

आपल्या शेजारी गुजरातेत मात्र वेगळं घडलं. वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या उपक्रमात चौथीची मुलं आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघं अशी बसून गणिताचे खेळ खेळली. त्यांचं गणित चांगलंच वर आलं. उपक्रम संपल्यावर ती आघाडी बरीचशी ओसरली, हेही सांगायला हवं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाला’ वर्गांतला प्रयोग. काही वर्गांत संगणकाचा तास नेहमीच्या शिकवण्याऐवजी ठेवला, तर काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर. पहिल्या गटातली मुलं मागे पडली, दुसऱ्या गटातल्यांना फायदा झाला आणि त्यातही कच्च्या मुलांना अधिक. म्हणजे तुम्ही विचारलेलं नुकसान हेच: चांगलं शिकवणाऱ्या बाईंचा तास संगणकानं खाल्ला, तर मुलं काहीतरी गमावतातच.

फायदा कुठे, तर जे एकट्या शिक्षकाला जमणं फार कठीण असतं तिथे. सातवीच्या एकाच वर्गात कुणाचं गणित तिसरीचं असतं, कुणाचं पाचवीचं. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांमध्ये संगणक प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथूनच सराव देत असे. शाळेव्यतिरिक्तच्या या वेळात निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ शिकवणारा माणूस होता. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यंत्राच्या किमतीआधी विचारा: कोणता तास कमी होणार? मुलांजवळ कोण बसणार? त्यांच्या पातळीचा मराठीतला सराव त्यात आहे का? संगणक शाळा सुटल्यावर तासभर वापरता आले तर उत्तम. आणि सगळी वर्गणी खरेदीत संपवू नका. बॅटरी आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम आत्ताच वेगळी काढा.