मोडीत देण्याआधी काठ बघ

अगं, नव्या घरात ट्रॉल्या बसल्या म्हणून माळ्यावरचं पितळ मोडीत द्यायचं ठरवलं असशील, तर आधी माझं ऐकून घे. मोडीचा दुकानदार भांडं काट्यावर टाकतो आणि किलोचा भाव लावतो. त्याच्या लेखी पंगतीचं तसराळं आणि मोडका नळ एकच. तू मात्र सगळं खाली उतरव, चिंचेनं घास, उन्हात सुकव आणि एकेक भांडं हातात घेऊन त्याचा काठ बघ.

लग्नात, बारशाला, कुणाच्या स्मरणार्थ भांडं द्यायचं तर त्यावर नाव टाकून द्यायची आपल्याकडची रीत. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली ती अक्षरं घासून घासून पुसट होतात, पण उजेडात तिरपं धरलं की वाचता येतात. तुझ्या आजेसासूबाईंचं मोठं तसराळं मी तुझ्या डोहाळजेवणाला पाहिलंय. त्याच्या काठाखाली त्यांचं माहेरचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे शके १८७१. म्हणजे १९४९-५० सालचं. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं. माहेरचं ते नाव ना रेशनकार्डावर आहे, ना सातबाऱ्यावर. त्या काठावर मात्र आहे. ते भट्टीत कसं घालवतेस, बाई?

सासूबाईंना जवळ बसव आणि विचार, हे कुणाकडून आलं, यात काय वाढायचे. त्यांना सगळं आठवतं. विचारणारं कुणी नसतं एवढंच. ऐकलेलं वहीत लिहून ठेव.

आणि वरणगावात राहून पितळाला कमी लेखू नकोस. आपली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ पासून बंदुकीची काडतुसं बनवते. काडतुसाच्या कवचाला जगभर वापरतात ते पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. ओढलं, ठोकलं, पातळ केलं तरी तडकत नाही, हा त्याचा गुण. तांबटाला भांडं घडवताना पितळाचा हाच गुण कामी येतो. जुन्या भांड्याच्या अंगावर हातोडीचे बारीक ठोके दिसले तर समज, ते मठारकाम आहे. त्या ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, पत्रा घट्ट आणि टणक होतो. यंत्रावर निघालेलं भांडं गुळगुळीत असतं. तेही ठेव, पण ठोक्यांचं आधी ठेव.

आता खरी गोष्ट. ही भांडी काचेच्या कपाटात शोभेला मांडू नकोस. वाढायला काढ. त्यासाठी कल्हई हवी. पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, तांबं त्यात उतरतं, चव बिघडते आणि पोटालाही बाधतं. कल्हईवाला आला की त्याच्याजवळ उभी राहा. तो भट्टीवर भांडं तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, आतला मळ सुटतो. मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं अशी भराभर पुसतो की पिवळं भांडं बघता बघता आतून चांदीसारखं होतं. कथिल तुझ्यासमोर नवीन काढायला सांग. त्यात शिसं मिसळलेलं नको, हे स्पष्ट बोल. कथिल २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात कडकडीत फोडणीही करायची नाही. वाढायच्या भांड्याला तर आच लागतच नाही, म्हणून त्याची कल्हई खूप टिकते. तिला मारते ती तारेची घासणी. आतून मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरे. चिंच, लिंबू, राख बाहेरच्या अंगाला, आणि लगेच धुऊन कोरडं करायचं.

बट्टीबरोबरचं वरण तसराळ्यात घे, ओगराळ्यानं वाढ. पितळेत ते पंगतीत डोळ्याला भरतं. शेवभाजीलाही तेच चालेल, कल्हई शाबूत असेल तर. आखाजीचा आमरस मात्र पितळेत नको, काशातही नको. त्याला काचेचा किंवा चिनी मातीचा जुना वाडगा बघ. काशाची वाटी खीर, शिरा, तूप यांसाठी. काशात साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथिल. म्हणून ते टणक असतं, पण पडलं की फुटतं. बोटानं टिचकी मारून बघ. चांगली वाटी बराच वेळ घुमते. चीर गेली असेल तर बद्द वाजते, ती घेऊ नकोस.

भरताचं तर मी तुला हट्टानं सांगेन. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं आपलं भरीत लाकडी बडगीत ठेचलेलं असतं, मग ते वाढायलाही लाकडातच राहू दे. जुनी काठवट घरात असेल तर ती शोध. धातूचा वास नाही, रंग बदलत नाही. फक्त ती पाण्यात बुडवून ठेवायची नाही, सावलीत सुकवायची आणि अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. भेग पडलेल्या काठवटीत ओलं काही घालू नकोस. भेगेत अन्न अडकतं.

एकदा डोळा बसला की तुला आणखी घ्यावंसं वाटेल, मला माहीत आहे. भुसावळच्या भांड्याच्या दुकानात मोडीचा ढीग पडलेला असतो. तिथं दुकानदाराशी ओळख ठेव आणि वितळायला जाण्याआधी बघू द्या म्हण. मोडीच्या भावापेक्षा थोडं जास्त दिलंस तर तो आनंदानं देईल. लोहचुंबक घेऊन जा: चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळी मुलामा. डाग दिलेलं भांडं असेल तर सांधा बघ. जुन्या डागात शिसं असतं, ते फुलं ठेवायला घे, अन्नाला नको. फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्येही कान ठेव. बंगाली बिऱ्हाडांत काशाच्या देखण्या वाट्या असतात, मल्याळी घरांत जाड उरुळी. निवृत्तीनंतर गावी परतताना सगळंच कुणी नेत नाही. पुण्याला आलीस तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाऊ. आणि त्याआधी तुला राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवेन. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना इतक्या मायेनं जपलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. कविमनाच्या एका माणसानं १९२० च्या सुमारास सुरू केलेला तो संग्रह.

दिसेल ते घेऊ नकोस मात्र. जे भांडं तुझ्या घरी महिन्यातून एकदा तरी ताटाजवळ येईल, तेच घे.

तुझ्या दिरांनी अमेरिकेला एखादं मागितलं तर मात्र जरा जपून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. शके १८७१ चं तसराळं अजून शंभरीच्या आत आहे, ते चालेल; पण ते देऊ नकोस. त्यांना यंदा मठारलेलं नवं घडवून दे, आणि त्यावर नाव टाकायला विसरू नकोस. जाऊबाईंचं माहेरचं नाव टाक.