गरोदरपणातली लस : घ्यावी की नको, हे कसे ठरवावे?



उसाच्या लागणीआधी बेणेप्रक्रिया करायची की नाही, यावर आपण पारावर बसून तासभर बोलतो. पण घरात सून किंवा लेक गरोदर असते, नर्सबाई लस घ्यायला बोलावतात, तेव्हा उत्तर मिळते, "बघू पुढच्या महिन्यात." मुकुटबन, झरी, वणी या आपल्या पट्ट्यातल्या घरांनी हे "बघू" किती महागात पडू शकते, याचा विचार करावा म्हणून हा पाठ.

धनुर्वाताची लस

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. वर्षानुवर्षे ते तिथे टिकून राहतात. बाळाची नाळ अस्वच्छ विळ्याने किंवा ब्लेडने कापली, नाळेला शेण-राख लावली, की ते आत शिरतात. लेकरू पहिले दोन दिवस छान दूध पिते. मग जबडा आवळतो, दूध सुटते, अंग ताठ होते. अशी बाळे फार थोडी वाचतात. १९८८ साली जगात अंदाजे ७ लाख ८७ हजार तान्ही बाळे या एकाच रोगाने गेली.

आपल्या देशात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गरोदर बाईला ही लस मोफत मिळते. लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे या दोहोंमुळे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बाळांचा धनुर्वात दूर झाल्याचे मान्य केले. याचा अर्थ कोणत्याही जिल्ह्यात वर्षाला हजार जन्मांमागे एकापेक्षाही कमी रुग्ण.

मग आता लस कशाला? कारण रोग कमी झाला, जंतू मातीतच आहे. शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. गावातल्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून आपली सून सुरक्षित झाली, असे इथे होत नाही. ज्याने घेतली, त्याचेच रक्षण.

बेण्यावर प्रक्रिया केली की कोंबाला रोगापासून संरक्षण मिळते, तसेच इथे. आईच्या अंगात तयार झालेली शक्ती वारेतून बाळाला मिळते. पण त्याला वेळ लागतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांतल्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील तर एकच पुरतो. हल्ली या लसीत घटसर्पाचीही लस असते. तिला 'टीडी' म्हणतात.

कोरोनाच्या वेळी काय झाले?

जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा गरोदर बायांना ती देऊ नये असे सरकारने सांगितले. २ जुलै २०२१ रोजी त्याच सरकारने परवानगी दिली. लोक म्हणाले, "काय बाप्पा, आज एक अन् उद्या दुसरं!" पण नीट पाहा. सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर बायांना घेतलेच नव्हते, म्हणून माहिती नव्हती. माहिती नसणे वेगळे आणि अपाय सिद्ध होणे वेगळे. पुढे इतर देशांतल्या हजारो गरोदर बायांचा अनुभव हाती आला. इकडे कोरोना झालेल्या गरोदर बाईचा आजार बळावण्याचा आणि बाळंतपण दिवसाआधी होण्याचा धोका जास्त, हेही दिसले. तेव्हा सल्ला बदलला. उसाच्या नव्या वाणाचे आपण असेच करतो. चाचणीचा प्लॉट पाहिल्याशिवाय लावत नाही, आणि पाहिल्यावर उगाच अडूनही बसत नाही.

कोणती लस घेऊ नये?

सगळ्याच लसी गरोदरपणात चालत नाहीत. गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. त्या गरोदरपणी देत नाहीत. त्या लग्नाआधी किंवा दिवस जाण्यापूर्वी निदान एक महिना घ्याव्यात. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस डॉक्टरांना विचारून घेता येते. मात्र कुत्रे चावले, तर गरोदर आहे म्हणून थांबू नये. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, म्हणून ती लस गरोदर बाईलाही देतात.

नेहमीच्या शंका

*"लसीने गर्भ पडतो."* लस घेतली नाही तरी शंभरातली दहा-पंधरा गरोदरपणे आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. अशा वेळी आधी सुई झाली असेल, तर दोष सुईला लागतो. धनुर्वाताची लस कित्येक वर्षे कोट्यवधी बायांना दिली गेली. तिने गर्भ पडत नाही.

*"ताप येतो, दंड दुखतो."* येतो, एक-दोन दिवस. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आधी एखाद्या लसीने अंगावर गांधी उठून दम लागला असेल, तर ते आधीच सांगावे. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे.

*"आमच्या वेळी कुठे होत्या सुया?"* सासूबाईंचे खरे आहे. पण त्यांच्याच वेळी किती घरांतली बाळे बाराव्या दिवसाआधी गेली, हेही त्यांनाच विचारावे.

निर्णय कोणाचा?

लस जिच्या दंडात जायची, तिचा. नवऱ्याने, सासूने सोबत जावे, शंका विचारावी. पण तिला न विचारता हो किंवा नाही म्हणू नये. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : ही लस कशासाठी? नाही घेतली तर काय होईल? माझ्या तब्येतीला चालेल का?

शेवटी एक विनंती. आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांत गरोदर बाया असतात. एक डोस गावी होतो, दुसरा फडावर राहून जातो. ज्यांच्या शेतात टोळी उतरली असेल, त्या सभासदांनी आशाताईंना निरोप द्यावा आणि त्या दिवशी बाईची मजुरी कापली जाऊ देऊ नये. माता-बाल कार्ड जवळ असले की दुसरा डोस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळतो. आपला ऊस वेळेवर गाळपाला जावा म्हणून त्या राबतात. त्यांचा डोस वेळेवर व्हावा, एवढे आपण पाहू.