पलीकडचा गोड आवाज

(संगणक आणि मोबाइल आज घरोघरी वापरले जातात. 'तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरुस्त करून देतो,' असे फोनवर सांगून लोकांना लुबाडणारे भामटेही आहेत. त्यांना कसे ओळखावे आणि फसगत झालीच तर काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मित्रांनो, समजा, तुम्ही धुळ्याला राहता. आग्रा रोडजवळ तुमच्या भाईजानचे छोटेसे दुकान आहे. तेथे झेरॉक्स काढून मिळते, शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे फॉर्म भरून मिळतात. दुपारची वेळ आहे. भाईजान जेवायला घरी गेले आहेत. दुकानात तुम्ही एकटे आहात.

तुम्ही संगणकावर एक पान उघडता आणि अचानक सगळा पडदा लाल होतो. भोंगा वाजू लागतो. पडद्यावर मोठी अक्षरे येतात : 'सावधान! तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब खालील नंबरवर फोन करा.'

तुमच्या छातीत धडधडू लागते. भाईजानचा संगणक आपल्या हातून बिघडला, असे तुम्हांला वाटते. तुम्ही घाईघाईने तो नंबर फिरवता. पलीकडून अतिशय गोड आवाज येतो, "घाबरू नका. मी कंपनीतून बोलतोय. तुमचे काम पाच मिनिटांत होईल."

येथे थोडे थांबू या. या क्षणापर्यंत तुमचे काहीही नुकसान झालेले नाही. संगणकात व्हायरस शिरलेला नाही. तो लाल पडदा म्हणजे इंटरनेटवरचे एक साधे पान आहे. ते भामट्यांनीच तयार केलेले आहे. शेतात बुजगावणे उभे करतात ना, तसेच हे बुजगावणे. ते कुणाला चावत नाही, फक्त घाबरवते. पण जो घाबरतो, तो स्वतःच भामट्याला फोन करतो.

आता पुढे काय होते ते पाहा. गोड आवाज तुम्हांला एक ॲप उतरवून घ्यायला सांगतो आणि त्यावर दिसणारा आकडा विचारतो. तुम्ही आकडा सांगताच पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो. आता तुमचा संगणक तो माणूस लांबून चालवत असतो. दुसऱ्याचा संगणक लांबून पाहण्याची आणि चालवण्याची सोय देणारी अशी ॲप्स मुळात वाईट नाहीत. दुरुस्ती करणारे लोक ती रोज वापरतात. पण घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती द्यावी, तसे हे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते.

मग तो माणूस तुम्हांला लाल खुणांची एक लांबलचक यादी दाखवतो. "बघा, किती व्हायरस आहेत!" असे म्हणतो. हेही खोटेच. आपण जशी रोजनिशी लिहितो, तशी संगणकही स्वतःची रोजनिशी ठेवतो. एखादे काम क्षणभर अडले, तरी त्याची नोंद तो करतो. चांगल्या चालत्या संगणकातही अशा नोंदी भरपूर असतात. पण हे ठाऊक नसलेला माणूस घाबरतो आणि दुरुस्तीची फी द्यायला तयार होतो. फी भरताना तो बँकेचे पान उघडतो, पिन टाकतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगतो. भामटा हे सारे पाहत असतो. फी थोडीशी असते. खाते मात्र रिकामे होते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात, ते हेच!

कधी कधी तो उलटी चाल खेळतो. "तुमची फी परत करतो," असे म्हणतो आणि पडद्यावरचे आकडे बदलून जास्त रक्कम जमा झाल्याचे दाखवतो. मग रडवेल्या आवाजात सांगतो, "चुकून जास्त पैसे आले. परत पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाईल." प्रामाणिक माणूस पैसे पाठवतो. खरे तर त्याच्या खात्यात काही आलेलेच नसते.

हा आवाज कुठून येतो? खूप दूरून, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील लोकांना करवसुली अधिकाऱ्यांच्या नावाने फोन करून धमकावले जात होते. पोलिसांनी सातशेहून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले. त्यांत बरीचशी तरुण मुले-मुली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यांतील काही गुन्हे नकली तांत्रिक मदतीचेच होते. ज्यांची नावे वापरली गेली, त्या मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन या कंपन्यांनीच तक्रार केली होती.

आणि आपले खानदेश? सप्टेंबर २०२५ मध्ये जळगाव पोलिसांनी ममुराबाद रस्त्यावरील एका फार्महाऊसवर छापा घातला. तेथील बनावट कॉल सेंटरमधून परदेशी नागरिकांना फसवले जात होते, असे पोलिसांनी सांगितले. केळी, कापूस आणि सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावच्या वेशीवरून हे फोन जात होते! म्हणजे फसणारा जसा आपल्या घरातला असू शकतो, तसा फसवणाराही आपल्या गावातला असू शकतो.

भामटा ओळखायचा कसा? काही खुणा पक्क्या लक्षात ठेवा.

१. खरी कंपनी 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असे सांगायला स्वतःहून फोन करत नाही. तिला तुमच्या घरातला संगणक दिसत नसतो.

२. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. पडद्यावर धोक्याची सूचना आणि तिच्याखाली फोन नंबर दिसला, की ती सूचना नकली समजावी.

३. भामटा घाई करतो. "आत्ताच करा, फोन ठेवू नका, घरी कुणाला सांगू नका," असे तो म्हणतो. विचार करायला वेळ मिळाला, की माणूस शहाणा होतो, हे त्याला ठाऊक असते.

४. तो ओटीपी किंवा पिन मागतो. बँक हे कधीही विचारत नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी.

५. इंटरनेटवर शोधून मिळालेला मदतीचा नंबरही नकली असू शकतो. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा.

लाल पडदा दिसला, तर फोन करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. चालू कामांची यादी दिसेल. तिच्यातून इंटरनेटचा कार्यक्रम बंद करा. तेही जमले नाही, तर संगणकाचे बटण दाबून धरा. संगणक बंद होईल. पुन्हा सुरू केल्यावर 'जुने पान उघडू का?' असा प्रश्न आला, तर नकार द्या.

पण सावध माणूसही कधी फसतो. शिकलेले फसतात, मोठे अधिकारी फसतात. अशा वेळी रडत बसू नये. पुढील कामे क्रमाने करावीत.

सर्वांत आधी फोन बंद करा आणि संगणकाचे इंटरनेट तोडा. तार काढा किंवा वायफाय बंद करा. किल्ली दिली आहे, तर आधी दार लावून घ्यायला हवे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग बंद करायला सांगा.

लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. किती रुपये गेले, किती वाजता गेले, कोणत्या खात्यातून गेले, व्यवहाराचा क्रमांक काय, हे सांगा. चोरलेले पैसे भामटे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तेथून तिसऱ्या खात्यात पळवतात. तक्रार वेळेवर पोचली, तर बँका ते वाटेतच अडवू शकतात. ते एखाद्या एटीएममधून बाहेर पडले, की हाती लागणे कठीण. म्हणून येथे एकेका मिनिटाला किंमत आहे.

त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. आलेले संदेश, फोन नंबर, पैसे गेल्याची नोंद, यांपैकी काहीही पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे. ते ॲप काढून टाका. जाणकाराकडून संगणक तपासून घ्या. सगळे पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बदला. सर्वांत आधी ईमेलचा बदला.

बँकेला लवकर कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेने सोसावे, असे त्यात म्हटले होते.

आणखी एक सांगायचे आहे. काही दिवसांनी दुसरा फोन येऊ शकतो. "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त थोडी फी भरा." हा त्याच टोळीचा दुसरा डाव असतो. त्याला बळी पडू नका.

ही कामे कठीण नाहीत. कठीण असते ते घरी सांगणे. अब्बा रागावतील, भाईजान मारतील, लोक हसतील, या भीतीने माणूस गप्प बसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण येथे मूठ झाकली, तर सव्वा लाख जातात! आणि उद्या दादी किंवा मामू फसले, तर त्यांनाही आधी बोलू नका. "इतके कसे कळले नाही?" हा प्रश्न नंतर विचारता येतो. आधी १९३० फिरवायचा असतो. गुन्हा फसवणाऱ्याने केलेला असतो, फसलेल्याने नव्हे.

उद्या तुम्ही मोठे व्हाल, नोकरी शोधाल. कुणी म्हणेल, "रात्री फोनवर बोलायचे काम आहे, पगार भरपूर." कुणी म्हणेल, "तुझे बँक खाते वापरायला दे, कमिशन मिळेल." तेव्हा विचारा, काम नेमके काय आहे? खोटे नाव आणि खोटी कंपनी सांगायची असेल, तर ती नोकरी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ड नुसार संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातली ती म्हातारी बाईही कुणाची तरी दादी असते.

आता पुन्हा धुळ्याच्या त्या दुकानात या. पडदा लाल आहे, भोंगा वाजतो आहे. या वेळी तुम्ही नंबर फिरवत नाही. बटण दाबून धरता. भोंगा थांबतो. भाईजान परत आल्यावर तुम्ही सगळे सांगता. ते म्हणतात, "बरे झाले, मला सांगितलेस."

शब्दार्थ

भामटा - ठग, फसवणारा
बुजगावणे - पाखरांना घाबरवण्यासाठी शेतात उभा केलेला पुतळा
रोजनिशी - रोजच्या नोंदींची वही, डायरी
बनावट - नकली
तोतयेगिरी - दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणे
आवळा देऊन कोहळा काढणे - थोडे देऊन पुष्कळ उकळणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाल पडद्याला लेखकाने कशाची उपमा दिली आहे?
(आ) फसगत झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावा?

२. कारणे लिहा.
(अ) भामटा नेहमी घाई करतो.
(आ) आलेले संदेश पुसून टाकू नयेत.

३. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण येथे का लागू पडत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. उपक्रम : बँकेचा खरा नंबर आणि १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरातील सर्वांना दिसेल अशा जागी लावा. या पाठातील पाच खुणा घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.