साधा प्रिंटर आणि बिनतारी अडॅप्टर

शाळेत प्रिंटर आला म्हणजे घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून आणण्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याची यातायात संपते. परंतु प्रिंटर एका खोलीत, संगणक दुसऱ्या खोलीत आणि प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या मोबाइलमध्ये, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. अशा वेळी बाजारात स्वस्तात मिळणारा यूएसबीचा वायफाय अडॅप्टर प्रिंटरला लावला की काम भागेल, असे साहजिकच वाटते. अडॅप्टर कसाबसा बसविला जातो, क्वचित त्याचा दिवाही लागतो. कागद मात्र बाहेर येत नाही. मग दुकानदाराने फसविले अशी समजूत होते. वस्तुतः अडॅप्टरही चांगला असतो व प्रिंटरही. चूक असते ती जोडणीच्या कल्पनेत. आणि संयुक्त शाळा अनुदानातील पैसा खर्ची पडण्यापूर्वी ती ध्यानात आलेली बरी.

यूएसबीची पद्धत १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिचा मूळ नियम असा की, जोडणीत एक यजमान असतो व बाकीचे पाहुणे. विचारपूस करणे, आज्ञा देणे, वीज पुरविणे ही यजमानाची कामे. संगणक हा यजमान. माऊस, पेन ड्राइव्ह, प्रिंटर आणि वायफाय अडॅप्टर हे सारे पाहुणे. दोन पाहुणे समोरासमोर पाटावर बसले तर पान वाढणार कोण? (वरच्या वर्गातील मुलांना हा प्रकार अभिनयाने दाखविल्यास चटकन समजतो.) प्रिंटरच्या मागील बाजूचे चौकोनी तोंड संगणकाच्या चपट्या तोंडाहून निराळे ठेवले आहे, ते याच कारणाने. मधे आकार बदलणारा तुकडा घातल्याने पाहुण्याचा यजमान होत नाही.

काही प्रिंटरना पुढील बाजूस चपटे तोंडही असते, आणि येथेच जाणती माणसेही चकतात. तेथे प्रिंटर यजमान असतो खरा; पण तो ओळखतो बहुधा पेन ड्राइव्हलाच. अडॅप्टर चालविण्यासाठी लागणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली विंडोज किंवा लिनक्ससाठी लिहिलेली असते; ती प्रिंटरमध्ये भरण्याची सोय नसते. काही उत्पादकांनी आपल्या ठराविक प्रिंटरसाठी स्वतंत्र बिनतारी तुकडे काढले होते. ते त्या त्या प्रिंटरपुरतेच होत.

मग करावे काय? प्रिंटर तारेने संगणकास जोडलेलाच राहू द्यावा आणि अडॅप्टर संगणकाला लावावा. ते त्याचे खरे स्थान. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘शेअरिंग’ हा भाग उघडून तो सामायिक केला म्हणजे त्याच वायफायवरील दुसऱ्या संगणकावरून छपाई करता येते. मात्र पहिला संगणक चालू असला पाहिजे. यासाठी इंटरनेट लागत नाही. नुसता राउटर चालू असला तरी पुरे. मोबाइलला असा सामायिक प्रिंटर सहसा सरळ दिसत नाही. त्यातील प्रश्नपत्रिका पीडीएफ करून संगणकावर घ्यावी, हेच सोपे.

प्रिंट सर्व्हर नावाची छोटी पेटीही मिळते. ती स्वतः यजमान होऊन प्रिंटरला जाळ्यात आणते. परंतु कार्यालयांतून सर्रास दिसणारे दोन प्रिंटर येथे अडचणीचे ठरतात. एचपी लेझरजेट १०२० हा वीज जाताच आपली आज्ञावली विसरतो आणि सुरू झाल्यावर ती संगणकाकडून पुन्हा मागतो. कॅनन एलबीपी २९०० छपाईच्या वेळी संगणकाशी दुतर्फा बोलतो, तेही त्याच्या खास भाषेत. साध्या पेट्यांना हे बहुधा साधत नाही; वारंवार वीज जाणाऱ्या गावी तर पहिल्याचा त्रास अधिकच. यांना संगणकाचीच सोबत बरी.

नवा प्रिंटर घ्यावयाचाच असेल तर वायफाय अंगभूत असलेला घ्यावा. स्वस्त प्रिंटरांपैकी बरेच केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असल्यास त्यांना तो दिसतच नाही. तेव्हा शाळेत जो मोबाइल वापरावयाचा तोच दुकानात न्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी मराठी मजकुराचे एक पान त्यावरून छापवून घ्यावे.