बोटीतली पितळी नळी

रिमोटची बोट बांधणारी पोरं सगळे पैसे मोटर आणि बॅटरीवर घालतात. पंख्याचा शाफ्ट ज्या पितळी नळीतून बाहेर जातो, ती नळी मात्र झटपट चिकटवून मोकळी होतात. तयार बोटी विकणारेही कधीकधी तेच करतात, हे मला हिप्परग्याच्या तलावावर कळलं.

भाच्यासाठी बाहेरगावाहून तयार बोट आणली होती. मे महिना होता, सोलापूरचा पारा 43 च्या आसपास. बोट सकाळभर गाडीच्या डिकीत राहिली, मग पाण्यात सोडली. थोड्या वेळानं भाचा म्हणाला, "मामा, जड चाललीय." मागची बाजू खाली बसत चालली होती. कशीबशी काठाला आणली आणि झाकण उघडलं, तर आत पाणी, आणि त्यात बॅटरी व रिसीव्हर. नळीला हात लावला तर ती बोटांत फिरली. ओढल्यावर सरळ बाहेर आली, अगदी चकचकीत. डिंक सगळा फायबरलाच राहिला होता, पितळेला कणभरही नाही.

दोष कुठे आहे ते त्या चकाकीनंच सांगितलं. गुळगुळीत, तेलकट पितळेला कुठलाही डिंक धरत नाही. शिवाय पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी उन्हात मऊ पडतं, आणि बंद डिकीत मे महिन्यात 50 अंश सहज ओलांडले जातात. त्यातच मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नव्हते. प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट नळीला हिसका देत होता. हिप्परग्याचा हा एकरुख तलाव मातीच्या धरणाचा. अशा धरणात मोरी जिथून आरपार जाते, तिथे माती आणि बांधकाम यांच्या सांध्यावर अभियंत्यांची नजर असते, कारण पाणी तीच वाट शोधतं. बोटीतही नळीचा सांधा तसाच.

म्हणून नळी बसवताना चिकटवण्यापेक्षा घासण्यावर जास्त वेळ घाला. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं नळी गोल-गोल घासा, चकाकी पूर्ण जाऊन ती खरखरीत दिसेपर्यंत. बोटीच्या आतला फायबरही तसाच घासा. मग स्वच्छ फडक्यावर ॲसिटोन घेऊन दोन्ही पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. हाताचं तेलसुद्धा पुरतं घात करायला. शाफ्टला आधी ग्रीस लावून नळीची दोन्ही तोंडं चिकटपट्टीनं बंद करा, नाहीतर डिंक आत शिरून शाफ्टच जाम होतो.

सरळ रेषेसाठी लवचिक कपलिंग तात्पुरतं काढा. त्याच्या जागी मोटरच्या आणि पंख्याच्या शाफ्टवर घट्ट बसेल असा सरळ नळीचा तुकडा घाला. मोटरची बैठक आणि नळी दोन्ही याच अवस्थेत चिकटवा. सुकल्यावर हातानं फिरवून पाहा, कुठेही अडता कामा नये.

डिंक हळू सुकणारा घ्या, रेझिन आणि हार्डनरवाला. फेविक्विक नको, ते कंपनात तडकतं. सोलापुरात उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं, कारण उकाड्यात कालवलेला डिंक भांड्यातच तापून घट्ट होतो. त्यात बारीक लाकडी भुसा मिसळून नळीभोवतीची पोकळी भरा. वरून काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड डिंकात भिजवून पट्टीसारखं चढवा. बाजारात मिळणारी फायबरची मॅट इथे घेऊ नका. तिचे तंतू बांधणारा पदार्थ इपॉक्सीत विरघळत नाही. नळी लांब असेल तर मध्ये लाकडाचा आडवा आधार द्या. हा आधार बहुतेकजण टाळतात, आणि माझ्या मते निम्म्या नळ्या त्यामुळेच सुटतात. नळीचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील, एवढंही बघा.

जुनी नळी काढायची असेल तर हातोडी मारू नका. गरम सोल्डरिंग आयर्न पितळेला टेकवून ठेवा. उष्णता नळीभर पसरते, डिंक मऊ होतो आणि नळी ओढून निघते. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नाही.

एक पूर्ण दिवस बोट हलवू नका. नंतर बॅटरी न घालता, मागच्या बाजूला वजन ठेवून टबात सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नळीच्या बुडाशी कोरडा कागद फिरवा. तो जरासा जरी ओला झाला, तर तेवढा भाग पुन्हा घासून, पुसून, भरून घ्या.